जाहिरात नसताना चित्रकाराने कामासाठी लिहावं का, आणि लिहायचं तर कसं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी कशाचं उत्तर देतेय ते स्पष्ट होईल. तुम्ही तीन वर्षं इलस्ट्रेशन करताय. गेल्या ४ महिन्यांत तुम्ही ६० ठिकाणी मेल पाठवले: पुस्तक प्रकाशक, मासिकं, अ‍ॅनिमेशन स्टुडिओ, एक-दोन जाहिरात संस्था. यांपैकी कुणीही ‘चित्रकार हवे आहेत’ असं कुठे जाहीर केलेलं नव्हतं. दोन उत्तरं आली आणि दोन्हींत ‘सध्या गरज नाही’ एवढंच होतं. आता तुम्ही विचारताय, की न बोलावता असं लिहिणं आगाऊपणाचं दिसतं का, त्यापेक्षा थेट ऑफिसात जाऊन भेटावं का, आणि पहिलं काम फुकट करून देतो असं म्हटलं तर दार उघडेल का.

मी वीस वर्षांहून जास्त काळ पुस्तकांसाठी आणि मासिकांसाठी चित्रं काढतेय. मधली सहा वर्षं एका प्रकाशन संस्थेत आर्ट डायरेक्टर होते, म्हणजे असे मेल ज्या टेबलावर येऊन पडतात त्या टेबलामागे बसलेली. त्यामुळे काही गोष्टी ठामपणे सांगू शकते. जिथे परिस्थितीवर अवलंबून आहे तिथे तसं सांगेन.

आगाऊपणाचं आधी. अजिबात नाही. एका मुखपृष्ठासाठी, लेखासोबतच्या अर्ध्या पानाच्या चित्रासाठी किंवा दोन महिन्यांच्या बॅकग्राउंड पेंटिंगसाठी कुणी जाहिरात देत बसत नाही. तेवढा वेळच हातात नसतो. काम आलं की आर्ट डायरेक्टर आधी कामं केलेल्यांकडे वळतो, मग आठवणीतल्या आणि जपून ठेवलेल्या नावांकडे. त्या नावांत जायचं तर स्वतःहून लिहावंच लागतं. आमच्या क्षेत्रात ही रीतच आहे. न बोलावता आलेल्या मेलचा मला सहा वर्षांत एकदाही राग आला नाही. वाईट वाटायचं ते एवढ्याचंच, की बऱ्याच मेलमधून लिहिणारा नेमकं काय काढतो हेच कळायचं नाही.

तुमची खरी अडचण मला इथे दिसते. ‘सध्या गरज नाही’ हे उत्तर तुम्ही नकार म्हणून वाचलंत. ते बहुतेक वेळा शब्दशः खरं असतं. तुमचा मेल पोचला त्याच आठवड्यात तुमच्याच शैलीला साजेसं काम तिथे मोकळं पडलेलं असेल, हा योग फार क्वचित येतो. गरज पुढे कधीतरी येते, अचानक येते, आणि तेव्हा तुमचा मेल कित्येक महिने जुना झालेला असतो. म्हणून न बोलावता पाठवलेला मेल त्या पुढच्या दिवसासाठी लिहायचा असतो. त्या दिवशी तुम्ही सापडाल का, सापडलात तर ओळखू याल का, आणि ओळखू आलात तर लगेच संपर्क होईल का, या तीन गोष्टींवर सगळं ठरतं. तुमचा ६० जणांना गेलेला मेल मी वाचला. तो ‘आज मला काम द्या’ असं म्हणणारा आहे.

हे नुसतं बोलून पटणार नाही, म्हणून एका दुपारची गोष्ट सांगते. मुलांसाठीचं निसर्गावरचं एक माहितीपर पुस्तक आमच्याकडे चालू होतं. चित्रकार आजारी पडले. मुखपृष्ठ आणि आतली ११ रेखाचित्रं बाकी होती, छपाईची तारीख ठरलेली होती आणि हातात १६ दिवस होते. नेहमीच्या तिघांना फोन केले, तिघेही दुसऱ्या कामात अडकलेले. मग मी माझ्या मेलपेटीच्या शोधाच्या चौकटीत ‘पक्षी’ हा शब्द टाकला. नंतर ‘शाई’ टाकला. सात मेल वर आले. त्यांतला एक चौदा महिन्यांपूर्वीचा होता आणि त्याला मी उत्तरही दिलेलं नव्हतं. त्यात लिहिलं होतं: ‘मी शाईत पक्षी, किडे आणि झाडं काढते, मुख्यतः मुलांच्या माहितीपर पुस्तकांसाठी.’ खाली तीन चित्रं. लिंक उघडून पाहिली, ती अजून चालू होती. शेवटच्या ओळीत फोन नंबर होता. मी फोन लावला, संध्याकाळपर्यंत काम तिच्याकडे गेलं, आणि त्यानंतर आमची आणखी चार पुस्तकं तिने केली.

तिच्यापेक्षा सरस काढणाऱ्यांचे मेलही त्या पेटीत असणार. पण त्यांत लिहिलेलं असायचं ‘मी कल्पक दृश्यकथाकार आहे, वेगवेगळ्या माध्यमांत काम करायला आवडतं, पोर्टफोलिओ सोबत जोडला आहे.’ जोडलेल्या चित्रांत सुंदर बगळा असेलही, पण ‘पक्षी’ हा शब्द मेलमध्ये कुठेच नव्हता, म्हणून तो मेल त्या दुपारी माझ्यासमोर आलाच नाही.

तर पहिलं काम हे करा: तुम्ही काय काढता ते नामांत लिहा. माध्यम, विषय आणि ते कुठे वापरलं जातं, एवढं दोन ओळींत बसतं. शाई, जलरंग, डिजिटल, कागदाचं कटवर्क. माणसांचे चेहरे, इमारती, यंत्रं, प्राणी, नकाशे. मुखपृष्ठ, लेखासोबतचं चित्र, चित्रपुस्तक, कॅरॅक्टर डिझाइन, स्टोरीबोर्ड. आर्ट डायरेक्टरला गरज पडते तेव्हा त्याच्या डोक्यात हेच शब्द असतात. ‘कल्पक’, ‘मेहनती’, ‘ध्यास’ हे शब्द शोधायला कुणी जात नाही.

मेलच्या विषयाची ओळही तशीच. फोनवर तिचे पहिले ३५-४० वर्णच दिसतात, म्हणून कामाचं सगळं सुरुवातीलाच यायला हवं. ‘कामाच्या संधीबाबत विनंती’ या ओळीत लिहिणाऱ्याबद्दल काहीच नाही. ‘शाईतली निसर्गचित्रं, मुलांच्या पुस्तकांसाठी’ या ओळीत सगळं आहे, आणि वर्षभरानंतरही ती वाचून मेल न उघडता आठवण होते.

आता मेल कुणाला पाठवायचा. तुमच्या यादीत बहुतेक पत्ते ‘संपर्क’ पानावरचे सामायिक पत्ते आहेत, आणि काही मनुष्यबळ विभागाचे. पूर्णवेळ नोकरी हवी असेल तर मनुष्यबळ विभाग योग्य आहे. सुटी कामं हवी असतील तर जो माणूस प्रत्यक्ष चित्रकार निवडतो त्याच्यापर्यंत पोचायला हवं, आणि त्याचं नाव शोधणं वाटतं तेवढं अवघड नसतं. मासिकात संपादक मंडळाची चौकट असते, तिथे कला विभागाचं नाव सापडतं. पुस्तकात शीर्षकपानामागच्या पानावर मुखपृष्ठ आणि मांडणी कुणाची ते छापलेलं असतं, आणि लेखकाच्या ऋणनिर्देशात संपादकाचं नाव बहुतेकदा येतं. अ‍ॅनिमेशनच्या शेवटच्या श्रेयनामावलीत आर्ट डायरेक्टर आणि प्रॉडक्शन मॅनेजर दोघेही असतात. चार-पाच जणांचा छोटा स्टुडिओ असेल तर सरळ मालकाला लिहा. आणि एखाद्या संस्थेने आपल्या वेबसाइटवर ‘काम इथेच, या पद्धतीने पाठवा’ असं लिहिलेलं असेल तर निमूटपणे तसंच करा. वळसा घालून वैयक्तिक पत्त्यावर पाठवलं तर पहिल्याच भेटीत सूचना न वाचणारा माणूस अशी नोंद होते, आणि आमच्या कामात सूचना वाचणं फार महत्त्वाचं असतं.

एकच मजकूर साठ जणांना पाठवण्याबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय, कारण हे मी स्वतः केलेलं आहे. पहिल्या वर्षी मी एका प्रकाशकाला लिहिलेल्या मेलच्या दुसऱ्याच ओळीत दुसऱ्या प्रकाशकाचं नाव राहून गेलं होतं. मजकूर तोच, फक्त नाव बदलत जायचं, आणि तेवढं एक बदलायचं राहिलं. तिथल्या संपादकांनी एका ओळीत उत्तर दिलं: ‘हे नाव आमचं नाही.’ त्यात राग नव्हता, पण त्यानंतर त्यांना पुन्हा लिहायचा धीर मला तीन वर्षं झाला नाही. तेव्हापासून मी आठवड्याला पाच-सहाच मेल लिहू लागले, प्रत्येक कोऱ्या पानावरून. प्रत्येकाआधी अर्धा तास त्या संस्थेचं गेल्या वर्षभरातलं काम बघायचं. संख्या एकदम घटली आणि उत्तरं वाढली. तांत्रिक बाजूही आहे: एकाच दिवशी, एकाच मजकुराचे, तीन-चार छोट्या केलेल्या लिंक असलेले मेल ढिगाने गेले, तर स्पॅम फिल्टर त्यांतले बरेच वाटेतच अडवतो. तुमच्या साठांपैकी किती पोचले हेही आपल्याला सांगता येणार नाही.

त्या अर्ध्या तासात नक्की काय शोधायचं? कौतुक करायला जागा शोधू नका. ‘तुमचं काम मला फार आवडतं’ हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की डोळे त्यावरून घसरून जातात. तुमचं काम त्यांच्या कामात कुठे बसेल ती जागा शोधा. समजा, एका प्रकाशकाच्या विज्ञानमालेत आतली चित्रं एकरंगी आहेत. तुम्ही एकरंगी छपाईसाठी काढता. मग हे एक वाक्य लिहिलंत तर वाचणाऱ्याला लगेच चित्र दिसतं की हा माणूस अमुक पुस्तकाच्या अमुक पानावर चालेल. अशी जागा सापडलीच नाही, तर त्या संस्थेला लिहू नका. फक्त फोटो वापरणाऱ्या मासिकाला इलस्ट्रेटरने लिहून दोघांचाही वेळ जातो.

स्वतःहून लिहिलेल्या अर्जांमधलं माझं आवडतं उदाहरण पाचशे वर्षांपूर्वीचं आहे. साधारण १४८२ मध्ये, तिशीतल्या लिओनार्दो दा विंचीने मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्याकडे काम मागण्यासाठी पत्र तयार केलं. त्याचा मसुदा आजही मिलानच्या अंब्रोसियाना ग्रंथालयात आहे. क्रमांक घातलेले मुद्दे आहेत आणि ते जवळजवळ सगळे युद्धाचे: हलके, उचलून नेता येणारे पूल, वेढ्याच्या वेळी खंदकातलं पाणी काढून टाकण्याची युक्ती, तोफा, झाकलेले रथ. शांततेच्या काळात इमारती बांधू शकतो हे शेवटी येतं, आणि शिल्प व चित्र तर त्याच्याही नंतर, दोन ओळींत. वाचणाऱ्याला लढायांची काळजी होती, म्हणून पत्र त्या काळजीपासून सुरू होतं. आणि शेवटाला तो त्या सत्ताधीशाच्या दिवंगत वडिलांच्या स्मरणार्थ करायच्या ब्राँझच्या घोड्याचा उल्लेख करतो, म्हणजे त्या घराण्याच्या मनात काय आहे हे त्याने आधी माहीत करून घेतलं होतं. त्या पत्रातलं सगळंच उचलू नका. त्यातल्या बऱ्याच यंत्रांचा अनुभव त्याच्या गाठीशी नव्हता, आणि आज जे येत नाही ते येतं म्हणून सांगितलंत तर पहिल्याच डेडलाइनला उघडं पडाल. क्रम मात्र शिकण्यासारखा आहे: आधी त्यांची गरज, मग तुमची कला.

चित्रं कशी पाठवायची हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण कामं इथेच सर्वांत जास्त हुकतात. मेलमध्येच तीन चित्रं दिसू द्या, लांब बाजू १२०० ते १६०० पिक्सेलच्या दरम्यान, तिन्ही मिळून दोन-तीन एमबीच्या आत. जीमेलमध्ये अटॅचमेंटची मर्यादा २५ एमबी आहे, पण बऱ्याच कार्यालयांच्या सर्व्हरवर ती त्याहून कमी असते, आणि जड मेल परत आला तरी तो तुमच्या लक्षात येईलच असं नाही. रंग एसआरजीबीमध्ये, म्हणजे स्क्रीनसाठीच्या रंगपद्धतीत ठेवा. छपाईसाठी केलेली सीएमवायके जेपेग फाइल तशीच पाठवली तर काही ठिकाणी रंग भडक किंवा मळकट दिसतात, आणि समोरच्याला वाटतं तुम्हाला रंगांची जाण नाही. फाइलचं नाव ‘फायनल-२-नवीन’ असं नको. त्यात तुमचं नाव आणि विषय असू द्या, कारण आम्ही चित्र उतरवून फोल्डरमध्ये टाकतो आणि मग ते कुणाचं हे फक्त फाइलच्या नावावरून कळतं.

लिंकबद्दल एक गोष्ट अगदी जवळून दाखवते. तुमच्या मेलमधली लिंक मी उघडली तेव्हा चित्रांऐवजी पाटी आली, ‘प्रवेशासाठी विनंती करा’. फोल्डर तुमच्या खात्यापुरताच उघडा आहे. तुमच्या कॉम्प्युटरवर तो कायम व्यवस्थित दिसतो, कारण तुम्ही लॉगिन केलेलं असतं. कामात असलेला माणूस विनंती पाठवून वाट बघत नाही, तो मेल बंद करतो. याच एका कारणाने तुमचे कित्येक मेल वाया गेले असावेत असं मला प्रामाणिकपणे वाटतं, आणि तुमच्या कामाबद्दल शंका घेण्याआधी हे दुरुस्त करा. लिंक पाठवण्याआधी दुसऱ्याच्या फोनवर, लॉगिन नसताना उघडून बघा. काही दिवसांनी आपोआप बंद होणाऱ्या फाइल-ट्रान्सफरच्या लिंक वापरू नका. त्या चौदा महिन्यांनंतरच्या दुपारी उघडणार नाहीत. साधं एक पान असलेली वेबसाइट पुरे, फक्त तिचा पत्ता बदलू नका.

पोर्टफोलिओत १२ ते १५ चित्रं ठेवा, आणि पुढे जे काम मिळावंसं वाटतं तेच ठेवा. लोगो उत्तम जमतात पण करायचे नाहीत, तर काढून टाका. दोन अगदी वेगळ्या शैली असतील तर दोन वेगळी पानं करा, नाहीतर बघणाऱ्याला कळत नाही की मागवल्यावर यांतलं कोणतं येणार. छापलेली कामं नसतील तर घाबरू नका. एखादा छापून आलेला लेख घ्या, त्याला दोन दिवसांची मुदत लावा, त्या मासिकाच्या स्तंभाच्या मापात चित्र करा, आणि ‘स्वतःहून केलेला सराव’ असं स्पष्ट लिहा. मी अशा सरावावरून दोघांना काम दिलंय, कारण मापात आणि मुदतीत विचार करता येतो हे त्यातून दिसलं. त्यांचं बोधचिन्ह लावून ते छापून आल्यासारखं मात्र दाखवू नका. हे लगेच ओळखू येतं.

आणखी एक, ज्याबद्दल नवीन लोकांना कुणी सांगत नाही. तुम्ही एका जाहिरात संस्थेला त्यांच्या क्लायंटसाठी तयार मोहिमेची कल्पना पाठवलीत आणि त्यांनी ती न वाचता परत केली, याचं तुम्हाला वाईट वाटलं. त्यात तुमचा अपमान नाही. कॉपीराइट कल्पनेला मिळत नाही, कल्पनेच्या प्रत्यक्ष मांडणीला मिळतो, आणि बर्न करार या कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या तत्त्वानुसार तो कुठेही नोंद न करता आपोआप निर्माण होतो. त्यामुळे जाहिरात, खेळणी, गेम आणि चित्रपट या क्षेत्रांतल्या संस्था न मागितलेली कल्पना वाचायलाच बिचकतात. उद्या त्यांच्याकडून तशीच काही गोष्ट आली तर ‘ही माझी होती’ असा वाद उभा राहू शकतो, आणि कल्पना आधीपासून त्यांच्याकडे होती हे सिद्ध करणं कटकटीचं असतं. म्हणून कल्पना न पाठवता कौशल्य दाखवा. अपवाद चित्रपुस्तकाच्या प्रस्तावाचा आणि मासिकाला सुचवायच्या लेखाचा. तिथे कल्पना पाठवणंच अपेक्षित असतं, पण ती त्यांच्या नियमांप्रमाणे, आणि तो वेगळा मेल.

इथपर्यंतचं सगळं एकत्र केलं तर मेल असा काहीसा होतो. विषय: ‘शाईतली निसर्गचित्रं, मुलांच्या पुस्तकांसाठी’. मजकूर: ‘नमस्कार. मी शाई आणि जलरंगात प्राणी, पक्षी आणि झाडं काढतो. तुमच्या विज्ञानमालेतल्या किड्यांवरच्या पुस्तकात आतली चित्रं एकरंगी आहेत. माझं बरंचसं काम एकरंगी छपाईसाठीचंच आहे. तीन चित्रं खाली आहेत, बाकीची या पत्त्यावर बघता येतील. छोटं चित्र दोन दिवसांत आणि पूर्ण पानाचं पाच दिवसांत देऊ शकतो. आत्ता काम नसेल तर हा मेल ठेवून द्यावा, ही विनंती.’ खाली नाव आणि फोन नंबर. बस. शिक्षण, पुरस्कार, बालपणापासूनची आवड, यांतलं काही नको. किती दिवसांत देता हे वाक्य मात्र ठेवा. सगळ्यांत कमी लोक ते लिहितात, आणि अडचणीत असलेला आर्ट डायरेक्टर तेच आधी शोधतो.

फुकट काम. माझं उत्तर ‘नको’ असं आहे, आणि ते तुमच्या भल्यासाठी जेवढं, तेवढंच टेबलाच्या त्या बाजूच्या अनुभवातून आहे. कुणी फुकट करून देतो म्हणालं की मला त्याच्याबद्दल काहीच नवीन कळायचं नाही. मला प्रश्न असायचा: हा वेळेत देईल का, दुरुस्ती सांगितली तर ऐकेल का? फुकट काम करणाऱ्याला मी तिसऱ्यांदा दुरुस्ती कुठल्या तोंडाने सांगणार? पैसे देऊन घेतलेल्या छोट्या कामात दोघांनाही हक्क राहतो. म्हणून मागायचंच असेल तर छोटं काम मागा: प्रकरणाच्या सुरुवातीचं चित्र, स्तंभातलं लहान चित्र. त्यात त्यांना धोका कमी असतो आणि तुम्हाला मुदत पाळून दाखवता येते. स्टुडिओने पगारी चाचणी दिली तर जरूर करा. बिनपगारी चाचणी अर्ध्या दिवसाची असेल तर तुमची मर्जी, पण प्रत्यक्ष वापरता येईल असं संपूर्ण काम ‘चाचणी’ म्हणून मागितलं जात असेल तर नम्रपणे नाही म्हणा. एखाद्या संस्थेचं काम मनापासून पटतं म्हणून तुम्ही फुकट करणार असाल, तर तो तुमचा निर्णय. फक्त त्याला दार उघडण्याची युक्ती समजू नका.

आणि काम मिळालं, की आनंदाच्या भरात लेखी बोलणं टाळू नका. किती रफ (कच्ची रेखाटनं) दाखवणार, किती दुरुस्त्या, तारीख, चित्र कुठे आणि किती काळ वापरणार, मूळ हक्क कुणाकडे, आगाऊ रक्कम किती, आणि काम मध्येच रद्द झालं तर काय मिळणार. एवढं एका मेलमध्ये मावतं. लिओनार्दोला तो घोडा करायला मिळाला, मातीची भव्य प्रतिकृतीही तयार झाली. पण त्यासाठी जमवलेलं ब्राँझ १४९४ मध्ये तोफांसाठी गेलं आणि घोडा ओतलाच गेला नाही. क्लायंटची गरज बदलते, आणि त्यात दुष्टावा असावाच लागतो असं नाही. रद्द होण्याची अट आधी लिहिलेली असली की तेव्हा भांडण होत नाही.

प्रत्यक्ष भेटायला जाणं हे खरंच परिस्थितीवर अवलंबून आहे. वेळ न घेता ऑफिसात जाऊन उभं राहणं माझ्या मते चुकीचं आहे. समोरचा माणूस हातातलं काम सोडून उठतो, अवघडून चार चित्रं बघतो, आणि त्याला आठवतो तो फक्त अवघडलेपणा. मेल पाठवून ‘पंधरा मिनिटं पोर्टफोलिओ बघाल का’ असं विचारणं चांगलं, आणि अनेक जण हो म्हणतात, विशेषतः काम हलकं असलेल्या आठवड्यात. पुस्तकमेळे आणि अ‍ॅनिमेशन महोत्सव यांत भेटणं आणखी चांगलं, कारण तिथे लोक बघण्याच्या तयारीनेच आलेले असतात. इटलीतल्या बोलोन्या इथे १९६४ पासून मुलांच्या पुस्तकांचा आंतरराष्ट्रीय मेळा भरतो. तिथे चित्रकारांसाठी भिंती मोकळ्या ठेवलेल्या असतात, आणि जगभरातले इलस्ट्रेटर आपली चित्रं आणि पत्त्याची कार्डं त्यांवर लावून जातात. आर्ट डायरेक्टर त्या भिंतींपाशी थांबतात आणि आवडलेली कार्डं काढून नेतात. तीही न बोलावता मागितलेली कामंच.

क्षेत्राप्रमाणे फरक पडतो, तेही थोडं सांगते. अ‍ॅनिमेशन स्टुडिओ प्रकल्पावर चालतात. प्रकल्पाला पैसे मंजूर झाले की एकदम वीस माणसं लागतात, संपला की एकही नाही. म्हणून तिथे नवीन मालिका किंवा चित्रपट जाहीर झाल्याची बातमी आली की लगेच लिहा. पुस्तकाचं काम हळू येतं, पण एकदा विश्वास बसला की वर्षानुवर्षं येत राहतं. मासिकांना फार थोड्या वेळात चित्र हवं असतं, म्हणून तिथे तुमचा वेग सर्वांत मोठा गुण. हंगामी विषयाचं चित्र असेल तर हंगामाच्या तीन-चार महिने आधी पाठवा, कारण अंकाची आखणी तेव्हा चालू असते. पूर्णवेळ नोकरी आणि सुटी कामं, दोन्ही चालतील असं एकाच मेलमध्ये लिहू नका. वाचणाऱ्याला ते कुठे पुढे पाठवायचं तेच कळत नाही.

पाठपुरावा करा, पण ‘माझा मेल मिळाला का?’ असं विचारून नको. दोन आठवड्यांनी एकदा, आणि मग दर तीन-चार महिन्यांनी, त्याच मेलला जोडून, एक नवीन चित्र आणि दोन ओळी. जुना मजकूर खाली राहतो, त्यामुळे वर्षभरात त्या एका धाग्यात तुमची चार-पाच चित्रं जमतात आणि तुम्ही सातत्याने काम करताय हे न सांगता दिसतं. कुणी ‘पाठवू नका’ म्हणालं तर तिथेच थांबा. कुणाला कधी काय पाठवलं याचा एक साधा तक्ता ठेवा, नाहीतर तेच चित्र दोनदा जातं.

राहिले तुमचे ते साठ. त्यांतले ज्यांच्या कामात तुमची जागा खरोखर दिसते असे दहा-बारा निवडा, लिंक दुरुस्त करा आणि त्यांना नव्याने लिहा. आधी लिहिलं होतं याचा उल्लेख किंवा माफी नको. ज्या दोघांनी ‘सध्या गरज नाही’ असं कळवलं, त्यांना मात्र याच आठवड्यात, आणि त्यांच्याच उत्तराखाली लिहा. साठांपैकी या दोघांनीच तुमचा मेल नक्की उघडलाय, वाचलाय आणि थांबून दोन शब्द लिहिलेत. त्यांना एवढंच पुरेल: ‘वेळ काढून उत्तर दिलंत, आभारी आहे. आधीच्या मेलमधली लिंक बंद होती, ती आता चालू केली आहे. या आठवड्यात केलेलं एक चित्र सोबत जोडतो. चार महिन्यांनी नवीन काम पाठवलं तर चालेल का?’ आणि खाली फोन नंबर, जो तुमच्या पहिल्या मेलमध्ये नव्हता.